मामांच्या खुब्यात नक्की काय बसवलंय?

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातले थोडे "म्हणजे बघा" आणि "तर मग" कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, भांडी घासत ऐकत असाल, तर एक छोटी गोष्ट करा. तुमचा फोन कुठल्या मॉडेलचा आहे, आठवा. रॅम किती? कधी घेतला? वॉरंटी संपली का? दोन सेकंदांत उत्तर आलं ना?

आता माझी गोष्ट ऐका. गेल्या दिवाळीत मी इचलकरंजीला मामांकडे गेलो होतो. मामा यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारे. २००९ मध्ये त्यांच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात सगळे त्याला "बॉल बसवला" म्हणतात. तेव्हा मामा एक्केचाळीस वर्षांचे होते आणि मी शाळेत. मला एवढंच आठवतं, की ऑपरेशनच्या आधी मामा जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि नंतर थांबायचे बंद झाले.

फराळ करताना मी सहज विचारलं, "मामा, तुमच्या खुब्यात कुठल्या कंपनीचा बॉल आहे?"

मामा म्हणाले, "मला काय म्हाईत? डॉक्टरनी चांगलाच टाकला असणार की."

"आणि शेवटचा एक्स-रे कधी काढला?"

"दुखत न्हाई तर फोटो कशाला काढायचा?"

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही हे उत्तर पटलं. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नको. पण पुण्याला परत आल्यावर मी या विषयावर वाचत बसलो आणि "२००९" या सालापाशी अडकलो. का अडकलो, ते पुढे येईलच. आधी थोडं मागे जाऊ.

शाळेत आपण "उखळीचा सांधा" शिकलो, आठवतंय? कमरेच्या हाडात एक वाटी आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला एक चेंडू. दोघांवर गुळगुळीत कूर्चेचा थर. हा थर झिजला, किंवा चेंडूचा रक्तपुरवठा बंद पडून चेंडूच खचला, की हाडावर हाड घासायला लागतं. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलायचं मुख्य कारण म्हणजे म्हातारपणची झीज. आपल्याकडे मात्र रक्तपुरवठा बंद पडण्याच्या केसेस खूप, आणि त्यातले बरेचसे पेशंट तिशी-चाळिशीतले. मामांचंही तेच झालं होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मुंबईतल्या डॉक्टरांनी असे तरुण पेशंट दिसायला लागल्याचं सांगितलं होतं. उपचारात दिलेल्या स्टेरॉईडकडे बोट होतं. त्यामुळे "हा म्हाताऱ्यांचा विषय आहे" म्हणून पुढचा एपिसोड लावू नका.

तर, हा सांधा बदलायचा कसा?

१८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या सर्जननं हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. १९२३ मध्ये बोस्टनला मारियस स्मिथ-पीटरसननं चेंडूवर काचेची टोपी घातली. काच शरीराला त्रास देत नाही, हे बरोबर निघालं. पण काच ती काच, फुटली. पुढे त्याच्या डेंटिस्टनं दातांच्या कामातला एक मिश्रधातू सुचवला, कोबाल्ट आणि क्रोमियमचा. १९३८ पासून तो वापरात आला. कोबाल्ट आणि क्रोमियम, ही दोन नावं डोक्यात ठेवा. शेवटाकडे परत भेटणार आहेत.

१९४६ मध्ये पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा चेंडू बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला कमाल वाटली. नंतर ते सैल व्हायला लागले आणि काही तर चक्क आवाज करायला लागले. इंग्लंडमध्ये असाच एक पेशंट होता. तो टेबलावर पुढे वाकला की त्याचा खुबा करकरायचा, आणि तो आवाज सहन न होऊन बायको खोलीबाहेर निघून जायची. ही तक्रार ज्या डॉक्टरच्या कानावर पडली, त्याचं नाव जॉन चार्नली.

चार्नली १९११ साली लँकेशायरमधल्या बरी या गावी जन्मला. दुसरा कुणी म्हणाला असता, "आवाज ना, होतो कधीकधी." चार्नलीनं विचार केला: करकर म्हणजे घर्षण. घर्षण म्हणजे प्रत्येक पावलागणिक बसवलेला भाग हाडातून उपटला जाणार. म्हणजे तो सैल होणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. नैसर्गिक सांध्याचं घर्षण बर्फावरच्या स्केटपेक्षाही कमी असतं. मग कृत्रिम सांधाही तसाच निसरडा हवा.

त्या काळी सगळ्यात निसरडं काय? टेफ्लॉन. हो, आपल्या नॉनस्टिक तव्याचं. १९५८ च्या सुमारास विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्यानं टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. चेंडू स्टीलचा, आणि मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटरचा, म्हणजे घर्षणाचा पीळ कमी. सगळं हाडात घट्ट बसवायला ॲक्रिलिक सिमेंट, तेही दातांच्या शास्त्रातून आलेलं. डेंटिस्ट लोकांचे या विषयावर फार उपकार आहेत.

निकाल? जबरदस्त. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. १९६१ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा लेख आला. तिथेच थांबला असता, तर यशस्वी डॉक्टर म्हणून त्याची गोष्ट संपली असती.

पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या. टेफ्लॉनचा भुगा आजूबाजूच्या मांसात जाऊन तिथे गाठी व्हायला लागल्या. सुमारे तीनशे ऑपरेशनं झाली होती, आणि त्यातली बहुतेक परत करावी लागणार होती. चार्नलीनं ती परत केली. आणि हा भुगा खरंच शरीराला त्रास देतो का, हे बघायला त्यानं टेफ्लॉन स्वतःच्याच मांडीत घालून घेतलं. तिथेही शरीरानं त्रास दाखवलाच. मग १९६३ मध्ये, जिथे यश छापलं होतं त्याच नियतकालिकात त्यानं ही गोष्ट छापली. आमच्या क्षेत्रात रिलीज फसलं की कारण लिहून सगळ्या टीमला पाठवायचं असतं. प्रामाणिकपणे लिहिणारे किती आहेत, मला माहीत आहे.

आता यातला माझा सगळ्यात आवडता माणूस येतो, आणि तो डॉक्टर नाही. हॅरी क्रेव्हन, चार्नलीच्या कार्यशाळेतला तंत्रज्ञ. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता त्याच्याकडे एक प्लास्टिक घेऊन आला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. हे प्लास्टिक मागांच्या गिअरसाठी वापरलं जायचं. अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलीन. क्रेव्हननं ते चार्नलीला दाखवलं. चार्नलीनं नख रोवून पाहिलं, नखाचा वण उमटला, "हे काय टिकणार," म्हणून तो निघून गेला.

क्रेव्हननं तरीही ते झिजवायच्या मशीनवर लावलं आणि मशीन दिवसरात्र चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी मोजलं, तर टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंसुद्धा हे झिजलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची पहिली वाटी माणसात बसली. आजही जगातल्या बहुतेक कृत्रिम खुब्यांत याच प्लास्टिकची सुधारलेली रूपं आहेत.

मी हे मामांना फोनवर सांगितलं. मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या खुब्यात मागाचं प्लास्टिक हाय? जन्मभर माग दुरुस्त केलं, म्हणून मागानं मला दुरुस्त केलं म्हण की."

पुढची चार्नलीची शिस्त मला फार शिकवून जाते. टेफ्लॉनचा चटका बसला होता. त्यामुळे नव्या खुब्याचे निकाल चांगले येत असूनही कित्येक वर्षं त्यानं तो कुणालाही विकू दिला नाही. आधी राइटिंग्टनला या, शिका, मग. ऑपरेशन थिएटरमध्ये शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष उभारला, आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण साधारण सात टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली आणलं. पेशंटना तो विनंती करायचा, की तुमच्या मृत्यूनंतर हा खुबा तपासायला आम्हाला परत द्या. अनेकांनी दिला. मशीनवरची झीज वेगळी आणि माणसाच्या आत वीस वर्षांत झालेली झीज वेगळी, हे त्याला पक्कं माहीत होतं. १९७७ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, १९८२ मध्ये तो गेला.

मग हे खुबे टिकले किती? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९६९ ते १९७१ मध्ये ओळीनं बसवलेल्या २,००० चार्नली खुब्यांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला. हिशोब असा निघाला: पंचवीस वर्षांनी सुमारे ८१ टक्के खुबे न बदलता टिकले. १९६९ च्या तंत्रज्ञानाला ८१ टक्के! माझ्या पहिल्या कंपनीत मी लिहिलेला कोड दोन वर्षांतच कचऱ्यात गेला.

पण मग उरलेल्यांचं काय झालं? इथे या गोष्टीतला खरा शत्रू येतो. तो आवाज करत नाही आणि बरेचदा दुखतही नाही.

एक पाऊल म्हणजे चेंडू वाटीवर एकदा घासला. प्रयोगशाळेत साधारण दहा लाख फेऱ्या म्हणजे माणसाचं एक वर्ष धरतात. प्रत्येक फेरीत पॉलिथिलीनचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात. पण प्लास्टिक पचत नाही. चिडलेल्या पेशी रसायनं सोडतात, आणि त्या रसायनांमुळे शेजारचं हाड विरघळायला लागतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं: वरून रंग शाबूत, आतून भुसा. पेशंट आरामात चालतोय, आणि वाटीमागे पोकळी वाढतेय.

गंमत म्हणजे सुरुवातीला दोष सिमेंटला दिला गेला. १९८७ मध्ये तर "सिमेंट डिसीज" असा शब्दच निघाला. मग बिनसिमेंटचे खुबे आले, आणि त्यांच्याभोवतीही हाड विरघळलं! तेव्हा लक्षात आलं, की मुख्य गुन्हेगार प्लास्टिकचा भुगा आहे. त्यातच आणखी एक गोष्ट उघड झाली. वाट्या निर्जंतुक करायला हवेतच गॅमा किरण मारत होते. त्यामुळे प्लास्टिकचे रेणू तुटायचे, तुटलेली टोकं ऑक्सिजनशी जोडली जायची आणि प्लास्टिक ठिसूळ व्हायचं. म्हणजे स्वच्छतेसाठी केलेली गोष्टच आयुष्य कमी करत होती.

उपाय त्याच किरणांतून निघाला. जास्त मात्रेचे किरण देऊन रेणू एकमेकांना आडवे जोडायचे, आणि मग उष्णता देऊन मोकळी टोकं शांत करायची. हे क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन. १९९० च्या दशकाच्या शेवटी ते बाजारात आलं. फरक केवढा? ऑस्ट्रेलियातला सोळा वर्षांचा हिशोब सांगतो: जुन्या प्लास्टिकचे ११.७ टक्के खुबे परत बदलावे लागले, नव्याचे ६.२ टक्के. जवळपास निम्मे.

आता तुम्ही विचाराल, हे आकडे ऑस्ट्रेलियाला कळतात कसे? तर नोंदवहीमुळे. रजिस्ट्री.

स्वीडननं १९७९ मध्ये ठरवलं, की देशात बसलेला प्रत्येक खुबा एका वहीत लिहायचा. कुणाला, कुठल्या मॉडेलचा, कधी, आणि परत बदलला तर का. कल्पना एवढी साधी. नॉर्वेनं १९८७ मध्ये सुरू केली. १९९० च्या दशकात "बोनलॉक" नावाचं नवं सिमेंट आलं. कागदावर छान. पण नॉर्वेच्या वहीत काही वर्षांतच दिसलं, की या सिमेंटचे खुबे भराभर सैल होतायत. १९९५ मध्ये ते बाजारातून गेलं. एकेका डॉक्टरला त्याचे दोन-चार पेशंट दिसले असते, त्याला वाटलं असतं माझंच चुकलं. वहीला सगळे एकत्र दिसले. ज्यांनी कधी प्रॉडक्शनचे लॉग वाचलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

वही नसेल तर काय होतं? त्याच दशकात ब्रिटनमध्ये "थ्री-एम कॅपिटल" नावाचा स्वस्त खुबा आला. दिसायला चार्नलीसारखा. १९९१ पासून सुमारे ४,७०० लोकांना बसवला. अपेक्षेपेक्षा फार लवकर तो सैल होतोय हे कळून १९९८ मध्ये सरकारी इशारा निघाला. मग सुरू झाली शोधाशोध, की हे लोक आहेत कुठे? कुणाच्या शरीरात कुठला खुबा आहे याची देशात एकत्रित यादीच नव्हती. चार्नलीच्या देशात! या धक्क्यानंतर २००३ मध्ये तिथे राष्ट्रीय रजिस्ट्री सुरू झाली. आज ती जगातली सगळ्यात मोठी आहे.

४,७०० हा आकडा लक्षात ठेवा.

आता येतो २००९ कडे. प्लास्टिकचा भुगा हाड खातो, हे कळल्यावर काही जणांनी विचार केला, प्लास्टिकच काढून टाकू. वाटीही धातूची, चेंडूही धातूचा. कोबाल्ट आणि क्रोमियम. चेंडू मोठा, म्हणजे निखळायची भीती कमी. तरुण, धावणाऱ्या-पळणाऱ्या पेशंटसाठी एकदम भारी, असं सांगितलं गेलं. यंत्रावरच्या चाचण्यांत झीज फार कमी दिसत होती.

यातलं एक मॉडेल होतं "एएसआर", जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचं. त्याची वाटी उथळ होती. ती जराशी तिरकी बसली तरी चेंडू तिच्या काठावर घासायचा, आणि धातूचे कण सुटायचे. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचे, सांध्याभोवतीचं मांस मरायचं. ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीनं त्यावर बोट ठेवलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या बाजारातून एएसआर काढून घेतला गेला. ब्रिटनच्या रजिस्ट्रीत पाच वर्षांच्या आत साधारण १२ ते १३ टक्के खुबे परत बदलावे लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं जगभरातून तो परत बोलावला. तोवर सुमारे ९३,००० लोकांना बसला होता. २०१२ मध्ये ब्रिटनच्या चार लाखांवर खुब्यांचा अभ्यास आला, त्यात धातूवर धातू हा प्रकारच इतरांपेक्षा जास्त फसत असल्याचं दिसलं. चेंडू जितका मोठा, तितका धोका जास्त. म्हणजे ज्या गुणासाठी तो विकला गेला, तोच त्याचा दोष.

आणि भारतात? सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया. योगायोगानं तोच आकडा. महाराष्ट्राच्या एफडीएनं मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली. २०१२ मध्ये आयातीचा परवाना रद्द झाला. केंद्रानं तज्ज्ञ समिती नेमली ती मात्र २०१७ मध्ये. २०१८ च्या शेवटी भरपाईचं सूत्र ठरलं, साधारण ३० लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. पण या हजारो पेशंटपैकी बहुतेकांचा पत्ताच लागत नव्हता. सगळ्यांना पकडेल अशी सक्तीची वही आपल्याकडे नव्हती. सर्जन मंडळींची स्वयंसेवी रजिस्ट्री आहे, वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून सरकारी कार्यक्रमही आहे. पण स्वीडनसारखं प्रत्येक खुब्याचं नाव-गाव लिहिलेलं? नाही.

आता कळलं मी का अडकलो? मामा तेव्हा एक्केचाळिशीचे, तरुण, अंगमेहनतीचं काम करणारे. २००९ साल. अगदी ज्यांच्यासाठी "भारी" मेटलचा बॉल सुचवला जायचा, तसेच.

मी हॉस्पिटलला फोन केला. एवढे जुने कागद आता ठेवलेले नाहीत, असं उत्तर आलं. मग मामींना फोन केला. मामी म्हणाल्या, "बघते बाळ, कपाटात असंल." दोन दिवस काही नाही. मी मामांना सांगितलं नव्हतं कशासाठी विचारतोय. उगाच घाबरवायचं कशाला? पण मला स्वतःला झोप लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. लोखंडी कपाटात, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाखाली, प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्जचा कागद, आणि त्याच्या मागे चिकटवलेले चार पिवळट स्टिकर.

हे स्टिकर इम्प्लांटच्या खोक्यातून येतात. प्रत्येक भागाचं नाव, माप, कोड आणि बॅच नंबर. मी फोटो मोठा करून बघितला. चेंडू धातूचा, २८ मिलिमीटर. आणि वाटीच्या आतला भाग: पॉलिथिलीन.

एएसआर नव्हता. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन दोन मिनिटं नुसता बसलो.

पण गोष्ट इथे संपत नाही. मी वाचलं होतं, की "दुखत नाही" याला अर्थ नाही. त्यामुळे मामांना अक्षरशः ओढून कोल्हापूरला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टिकरवरचे कोड पाहून सांगितलं, की प्लास्टिक जुन्या प्रकारचं आहे, क्रॉस-लिंक केलेलं नाही. मग एक्स-रे काढला. चेंडू वाटीच्या बरोबर मध्यभागी असायला हवा. मामांचा किंचित वर सरकलेला होता, म्हणजे वरच्या बाजूचं प्लास्टिक झिजलंय. आणि वाटीमागे हाडात एक छोटी काळसर पोकळी.

मामा म्हणाले, "पर डॉक्टर, मला कायबी दुखत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच बरं झालं आलात. दुखायला लागल्यावर लोक येतात, तेव्हा स्क्रू बसवायला हाडच उरलेलं नसतं."

आत्ता काही करायचं नाही, असं ठरलंय. सहा महिन्यांनी परत फोटो, मग दरवर्षी. पोकळी वाढली तर फक्त आतलं प्लास्टिक बदलायचं. ते लहान ऑपरेशन. वाट बघत बसलो असतो, तर अख्खा सांधा उपटून, हाड भरून नवा बसवायची वेळ आली असती.

आता प्रश्न उरतो, जो सगळे विचारतात: मग कृत्रिम खुबा टिकतो तरी किती वर्षं? २०१९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून उत्तर आलं. पंधरा वर्षांनी साधारण ८९ टक्के शाबूत, वीस वर्षांनी ७० टक्के, पंचवीस वर्षांनी ५८ टक्के. पण हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पंचवीस वर्षांचा आकडा म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या खुब्यांचा आकडा. आज बसणाऱ्या नव्या प्लास्टिकचा पंचवीस वर्षांचा निकाल अजून यायचाय. दोन, वय. २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात सत्तरीनंतर खुबा बसवलेल्यांत तो आयुष्यात परत बदलावा लागायची शक्यता साधारण ५ टक्के होती. पन्नाशीच्या सुरुवातीला बसवलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. कारण सोपं आहे: आयुष्य जास्त उरलंय आणि चालणंही जास्त. मग चाळिशीतल्या माणसाला "आयुष्यभर चालेल" असं कुणी सांगितलं, तर ते वाक्य तपासून घ्या.

म्हणून कुणी ऑपरेशनला घाबरू नये हं. मामांना विचारलं, "परत २००९ आलं तर बसवाल?" ते म्हणाले, "त्याच दिवशी." सोळा वर्षं ते जिना न थांबता चढले, लेकीच्या लग्नात पंगतीला वाढलं. हे त्या मागाच्या प्लास्टिकनं आणि क्रेव्हनच्या हट्टानं दिलं.

माझं म्हणणं एवढंच, की चार्नलीनं पेशंटकडे मेल्यावर खुबा परत मागितला, कारण त्याला बघत राहायचं होतं. स्वीडननं वही उघडली, कारण बघत राहायचं होतं. आपल्याकडे ती वही पूर्ण होईल तेव्हा होईल. तोवर ती वही आपल्या घरातच ठेवावी लागणार.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. आई, बाबा, आजी, काका, ज्यांच्या कुणाच्या खुब्यात, गुडघ्यात, कशातही काही बसवलंय, त्यांचं ते स्टिकर शोधा. फोटो काढा, दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर डिस्चार्जच्या वेळी स्टिकर मागून घ्या. आणि शेवटचा एक्स-रे कधी काढला, तेवढं विचारा. "दुखत नाही" असं उत्तर आलं, तर त्यांना हा एपिसोड ऐकवा.

मामांचं स्टिकर आता माझ्या फोनमध्ये आहे. पुढचा फोटो एप्रिलमध्ये. कॅलेंडरला रिमाइंडर लावलाय, आणि मामांनी स्वतःहून मामींना सांगितलंय, "ती पिशवी मिक्सरखाली नगं, देव्हाऱ्याच्या खणात ठेव."

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.